श्रद्धा, परंपरा आणि देशभक्ती : सीमेवरच्या आष्टीतून एक चिंतन

आष्टी ह्या नावाची तीन गावे महाराष्ट्राच्या इतिहासात भेटतात. पहिली सोलापूर जिल्ह्यातील. तेथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले. दुसरी वर्धा जिल्ह्यातील. तेथे ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि गावाला 'शहीदांची आष्टी' हे नाव मिळाले. त्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने लोक जागे केले होते व त्यासाठी महाराजांना नागपूर आणि रायपूरचा तुरुंग भोगावा लागला. तिसरी आष्टी आपली, बीड जिल्ह्यातली. बाहेरगावी कोणी 'शहीदांची आष्टी का?' असे विचारले, की आपण 'नाही, आमची वेगळी' असे म्हणतो आणि गप्प बसतो. जणू काही आपल्या आष्टीला सांगण्यासारखे काही नाही!

परंतु आपली आष्टी सीमेवरची आहे. १९४८ पर्यंत हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम टोकाला होता. पलीकडचा नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) हा इंग्रजी मुलूख. अलीकडे उर्दूत चालणारी कचेरी आणि हाली रुपया, तर पलीकडे इंग्रजांचे कायदे आणि कलदार रुपया. मधे करोडगिरीचे नाके. अशा जागी राहणाऱ्या माणसाला 'माझा देश कोणता?' हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही.

गेल्या वर्षी १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त महाविद्यालयात बोलण्याची संधी मला मिळाली. 'धर्म आणि देशभक्ती' हा विषय मी स्वतः निवडला होता. मी वारकरी घरातला. घरात एकादशी पाळली जाते, आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. जुने ते सगळे टाकाऊ असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. राजकारणातही परंपरा जपणाऱ्यांकडे माझा ओढा आहे, हे मी लपवीत नाही. तेव्हा भाषण सोपे जाईल असे मला वाटले होते. तयारी करता करता मात्र ते अवघड होत गेले. ते का अवघड झाले, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लोकमान्य आणि आगरकर

परंपरावादी राजकारण म्हटले, की महाराष्ट्रात पहिले नाव लोकमान्य टिळकांचे घ्यावे लागते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेली. टिळकांनी त्या विधेयकाला कडाडून विरोध केला. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की समाजाची सुधारणा समाजाने आतून करावी; परक्या सरकारच्या हाती धर्माच्या किल्ल्या देऊ नयेत. आगरकरांनी 'सुधारका'तून नेमकी उलट बाजू मांडली. एकेकाळी एका ध्येयाने शाळा आणि वृत्तपत्रे काढणारे हे दोन मित्र अशाच वादांनी दुरावले.

टिळकांचा मुद्दा आजही मला हलका वाटत नाही. गुलाम देशात धर्म हीच एक जागा अशी उरते, की जेथे माणूस स्वतःला स्वतंत्र समजतो. ती जागाही सरकारने व्यापली तर माणूस उभा राहणार कोठे? १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला जे रूप आले, त्यामागे हेच सामर्थ्य होते. देवघरातला गणपती चौकात आला आणि त्याच्या मांडवात लोक स्वराज्यावरची व्याख्याने ऐकू लागले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' हाही श्रद्धेतून कर्माकडे जाण्याचाच मार्ग आहे. लोकमान्यांची देशभक्ती श्रद्धेतून वेगळी काढता येत नाही.

तथापि ह्या नाण्याला दुसरी बाजू आहे. संमतिवयाचा प्रश्न १८९० मध्ये ऐरणीवर आला तो कलकत्त्याच्या फुलमणी नावाच्या अजाण मुलीच्या मृत्यूमुळे. पतीच्या हातून तिचा अंत झाला. तिच्या बाजूने पाहिले तर कायदा करणारे सरकार परके की आपले, हा प्रश्न फार दूरचा होता. तसेच १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत लोकमान्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. परंतु तेथील प्रतिज्ञापत्रकावर त्यांची सही झाली नाही. एवढा निर्भय पुरुष, सरकारपुढे न वाकणारा, तो आपल्याच माणसांच्या रूढीपुढे का थांबला? लोकमान्यांना दोष देण्याइतकी माझी योग्यता नाही. पण ह्या उदाहरणातून मला एक प्रश्न सापडला व तो पुढे शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहिला. परंपरा जपताना तिची किंमत कोण मोजतो? जपणारा स्वतः, की दुसराच कोणी?

एकाच वर्षी तीन सत्याग्रह

आता आपल्या संस्थानाकडे वळू. हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू, तर सत्ता व मोठ्या नोकऱ्या प्रामुख्याने मुसलमान सरदार-अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलांना उर्दूतून शिकावे लागे. सभा घ्यावयाची तर 'गश्ती निशाण ५३' प्रमाणे सरकारची परवानगी हवी. नवे देऊळ बांधणे, जुने दुरुस्त करणे, मिरवणूक काढणे, सगळ्याला आडकाठी होती. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ह्या राज्याला आधार देणाऱ्यांत हिंदू जहागीरदार, देशमुख आणि सावकारही होते. आपली वतने सुरक्षित राहावीत म्हणून जुनी व्यवस्था टिकावी, असे त्यांनाही वाटत होते. म्हणजे 'जुने ते जपावे' असे म्हणणारे सगळे धर्मासाठीच म्हणतात असे नाही. काही जण जमिनीसाठीही म्हणतात.

१९३८ च्या शरद ऋतूत ह्या राज्याविरुद्ध एकाच सुमारास तीन सत्याग्रह उभे राहिले. हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीसाठी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू केला. त्यापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, सरकारने ही संघटना जातीय असल्याचे कारण देऊन तिच्यावर बंदी घातली होती. आर्य समाजाने धर्मस्वातंत्र्यासाठी लढा पुकारला. त्याची मोठी परिषद डिसेंबर १९३८ मध्ये सोलापूरला लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि तो लढा ऑगस्ट १९३९ पर्यंत चालला. सावरकर अध्यक्ष असलेल्या हिंदू महासभेनेही हिंदूंच्या हक्कांसाठी आपला निःशस्त्र प्रतिकार सुरू केला. त्याच सुमारास औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणावयास आरंभ केला. बंदी आली, शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील कित्येकांना आपल्या दारात घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

येथे आपल्या विषयाचे मर्म आहे. निजाम सरकार म्हणू लागले, 'पाहा, हे तिन्ही एकच. हा सगळा हिंदूंचा मुसलमान राजाविरुद्धचा दंगा आहे.' स्टेट काँग्रेसचे म्हणणे तसे नव्हते. राज्य लोकांचे असावे व त्या लोकांत मुसलमान प्रजाही आली, अशी तिची मागणी. ही सरमिसळ टाळावी म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. तुरुंगात खितपत पडलेल्या कार्यकर्त्यांना हा निर्णय किती झोंबला असेल! ऐन भरात आलेला लढा थांबवावा लागला, आणि बंदी तर जुलै १९४६ पर्यंत उठली नाही.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला तो निर्णय पटला नव्हता. आर्य समाजाची गाऱ्हाणी खरी होती. देवळाच्या दुरुस्तीला परवानगी मागावी लागणाऱ्या माणसाने 'माझा धर्म मोकळा करा' म्हणणे ह्यात जातीयता कसली? आजही मला वाटते, की त्या सत्याग्रहींच्या त्यागाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण दोन मागण्यांतला फरकही आता मला दिसतो. 'माझ्या देवळाला स्वातंत्र्य द्या' ही मागणी न्याय्य आहे. पण ती पुरी झाली तरी शेजाऱ्याचे पारतंत्र्य तसेच राहू शकते. 'राज्य सर्वांचे करा' ही मागणी पुरी झाली तर देऊळही मोकळे होते, मशीदही, आणि दोन्हींकडे न जाणारा माणूसही.

भगव्या वस्त्रातला पुढारी

गंमत अशी, की धर्माच्या नावाने न लढणाऱ्या ह्या स्टेट काँग्रेसचे नेतृत्व एका संन्याशाकडे आले. स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले, तेव्हा ह्या शाळकरी मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. पुढे ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन, संन्यासदीक्षा आणि त्यानंतर आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाई, म्हणजे त्या वेळचे मोमिनाबाद, येथील योगेश्वरी विद्यालय. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले आणि त्यानंतर तुरुंग हे त्यांचे दुसरे घरच झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानात तिरंगा फडकविणे गुन्हा होता. स्वामीजींनी तो गुन्हा केला व पुन्हा गजाआड गेले.

ज्याची श्रद्धा कच्ची असते तो ती वारंवार बोलून दाखवतो, असा माझा अनुभव आहे. स्वामीजींची वस्त्रेच भगवी होती. त्यांना आपले हिंदुपण कोणाला सिद्ध करून दाखवावयाचे नव्हते. म्हणूनच कदाचित, राज्य सर्व प्रजेचे असावे, असे ते निःशंकपणे म्हणू शकले. श्रद्धेने त्यांना दुसऱ्याविषयीचा द्वेष दिला नाही. तिने त्यांना घरदार, पैसा आणि मृत्यू ह्यांविषयीची बेफिकिरी दिली. देशभक्तीला श्रद्धेकडून घ्यावयाचे असेल तर ते हेच घ्यावे.

आणि अशी देशभक्ती एकाच धर्माची मिरास नव्हती. हैदराबादच्या 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान हे संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी भर रस्त्यात त्यांचा खून केला. महिन्याभराने आलेली मुक्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपण १७ सप्टेंबरला ज्या हुतात्म्यांना वंदन करतो, त्यांत हे नाव मोठ्याने घेतले पाहिजे.

आजोबांच्या गोष्टीचा दुसरा भाग

आता घरची गोष्ट सांगतो. १९४८ साली माझे आजोबा आठ वर्षांचे होते. रझाकारांचा उच्छाद, त्या उन्हाळ्यात एका रात्री बैलगाडीत भांडीकुंडी घालून नगरच्या हद्दीत पळालेले आमचे कुटुंब, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा वाजू नयेत म्हणून काढून ठेवणारे पणजोबा, हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आलो. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि आमचे लोक गुलाल उधळीत गावी परतले. आजोबांची गोष्ट दर वर्षी तेथेच संपायची.

मी भाषणाची तयारी करीत असता पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांविषयी वाचले. त्या दिवसांत संस्थानाच्या अनेक भागांत मुसलमानांची कत्तल व लूट झाली. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने पाहणी केली व मृतांचा आकडा किमान सत्तावीस ते चाळीस हजार असावा असा अंदाज दिला. सर्वांत जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मी आजोबांना विचारले, 'आपल्याकडे काही झाले होते का?'

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'गोठ्याचे दार पाहिलेस ना? ते आपले नव्हे.'

गावात एक मणियाराचे घर होते. आमच्या घरातल्या बाया त्यांच्याकडेच बांगड्या भरीत. आम्ही परत आलो तेव्हा ते कुटुंब निघून गेले होते. कोठे गेले ते कोणाला ठाऊक नाही, आणि ते परत कधी आलेही नाही. घर मात्र लोकांनी फोडून नेले. कोणी कड्या नेल्या, कोणी तुळया. ज्याने दार नेले, त्याच्याकडून माझ्या पणजोबांनी ते दोन हाली रुपयांना विकत घेतले. पणजोबांनी कोणाला मारले नाही, कोणाला लुटले नाही. ते पंढरीची वारी करणारे, माळकरी गृहस्थ. पणजीने विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, 'आपण नाही घेतले तर दुसरा कोणी घेईलच.' आठ वर्षांच्या आजोबांनी ते दार ओळखले होते, कारण आईचे बोट धरून ते त्या दारातून कित्येकदा आत गेले होते.

हे ऐकल्यापासून माझे भाषण मला जमेना. आम्ही रझाकारांच्या भीतीने पळालो, हे खरे. परत येऊन दुसऱ्याचे दार गोठ्याला बसवले, हेही खरे. पहिले सांगताना आम्ही दर वर्षी छाती पुढे काढतो. दुसरे सांगावयाला पंच्याहत्तरांहून अधिक वर्षे लागली. पणजोबांना मी वाईट माणूस म्हणू शकत नाही. त्या जागी मी असतो तर मीही कदाचित दोन रुपये काढून दिले असते. दार चांगले सागवानी आहे आणि आजही गोठ्याला आहे.

पण मग माझ्या मनात येते, की ती माळ गळ्यात असून उपयोग काय झाला? सुंदरलाल समितीच्याच अहवालात अशीही नोंद आहे, की काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून, प्रसंगी जीव देऊन वाचविले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचविल्याचा त्यात खास उल्लेख आहे. त्या विणकरांकडे कोणते तत्त्वज्ञान होते, मला माहीत नाही. शेजारच्या मागावरचा आवाज त्यांना रोज ऐकू येत असे, एवढे खरे. आमच्याच तालुक्यात सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, आणि पलीकडे मढीला कानिफनाथांचे स्थान. मढीच्या कानोबाला मुसलमान भाविक शाह रमजान माही सवार म्हणून मानत आले. म्हणजे आपली खरी जुनी परंपरा पाहू गेले तर ती ही आहे. जपावयाची म्हटली तर हीसुद्धा परंपराच नव्हे काय?

नाव जपताना

निजाम गेला म्हणजे परीक्षा संपली असे नाही. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. 'मराठवाडा' ह्या नावाशी आमच्या मुक्तिलढ्याची स्मृती जोडलेली आहे, ते जपावे, असे म्हणणाऱ्यांत मुक्तिसंग्रामातले आदरणीय लोकही होते. त्या भावनेत अप्रामाणिकपणा होता असे मी म्हणणार नाही. परंतु ठरावानंतर मराठवाड्यात खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन दोन्ही नावे एकत्र आली, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. दोन्ही नावे राहू शकत होती, हे कळावयाला सोळा वर्षे का लागावीत? नाव जपण्याच्या भरात माणसे जपावयाची राहून गेली. किंमत पुन्हा दुसऱ्यानेच मोजली.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, ह्या सगळ्या विचारातून मी परंपरा सोडून देण्याच्या निर्णयाला आलो, असे कोणी समजू नये. मी आजही एकादशी करतो व पुढेही करीन. पूर्वजांनी जे कष्टाने मिळविले, ते पुढच्या पिढीच्या हाती नीट सोपवावे, ही वृत्ती मला मोलाची वाटते. ज्याला भूतकाळाविषयी कृतज्ञता नाही, त्याची देशभक्ती घोषणेपलीकडे जात नाही, हेही माझे मत कायम आहे.

मात्र एक कसोटी मी स्वतःपुरती ठरविली आहे. माझी श्रद्धा माझ्याकडून त्याग मागत असेल तर ती श्रद्धा. ती दुसऱ्याकडूनच त्याग मागू लागली, की तिथे थांबून विचार करावयाचा. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि अखेर मंदिर खुले झाले. देवही तोच आणि वारीही तीच राहिली. एक दार तेवढे उघडले. उपास गुरुजींनी केला, लाभ दुसऱ्यांना झाला. परंपरा जपण्याची ह्याहून चांगली रीत मला माहीत नाही.

देशभक्तीचेही तसेच. पूर्वजांचा पराक्रम माझा, पण त्यांची चूक माझी नव्हे, असे म्हणता येणार नाही. वारसा घ्यावयाचा तर सबंध घ्यावा लागतो, गुलालासकट आणि गोठ्याच्या दारासकट.

१७ सप्टेंबरला मी शेवटी भाषण केले. दाराची गोष्ट मात्र सांगितली नाही. धीर झाला नाही. समोरच्या रांगेत माझ्या वर्गातला एक मुसलमान मित्र बसला होता. भाषण संपल्यावर त्याने नेहमीप्रमाणे 'चांगले झाले' म्हणून हात हातात घेतला. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते येथे लिहिले आहे. अंक हाती आल्यावर तो हे वाचील, आणि मग आमचे बोलणे होईल.